मीठ, गूळ आणि अर्धा शेर पाणी

‘बांगलादेशी’ हा शब्द आपल्याकडे आता जवळपास शिवीसारखा वापरला जातो. घुसखोरी, झोपडपट्ट्या आणि मतदार यादी यांच्या बातम्यांतच तो कानावर पडतो. मराठी मुसलमानाला तर तो टोमणा म्हणूनही ऐकावा लागतो. त्यामुळे त्या देशाच्या खेड्यापाड्यांत गेल्या पन्नास वर्षांत काय घडलं, हे समजून घ्यावं असं आपल्यापैकी फार थोड्यांना वाटतं. मला ते वाटलं एका आकड्यामुळे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १३३ मुलं वयाची पाच वर्षं पूर्ण होण्याआधी दगावत होती. २०१४च्या पाहणीत हा आकडा ४६वर आला. देश गरीबच होता. डॉक्टर कमीच होते. पूर आणि वादळं दरवर्षी येतच होती. मग एवढी मुलं वाचली कशी?

लसीकरण, मुलींचं शिक्षण, कुटुंबनियोजन अशी अनेक उत्तरं आहेत आणि ती सगळी खरी आहेत. पण त्यातलं एक उत्तर असं आहे की ते स्वयंपाकघरातल्या डब्यांतून निघालं. त्याचा इतिहास आपण सर्वांनी वाचायला हवा असं मला वाटतं. त्याचबरोबर, हे उत्तर मुलांना वाचवू शकलं पण आईला वाचवायला पुरलं नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

पाण्यावाचून मरण

बंगाल हा नद्यांचा, खाडीचा, भातशेतीचा प्रदेश. सगळीकडे पाणीच पाणी, आणि तिथली मुलं मरत होती ती अंगातलं पाणी संपून. जुलाब आणि कॉलरा यांत मारतो तो जंतूपेक्षा त्याने रिकामं केलेलं शरीर. काही तासांत डोळे खोल जातात, टाळू खाली बसते, लघवी बंद होते. शिरेतून सलाईन दिलं तर माणूस उठून बसतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. पण सलाईनसाठी दवाखाना लागतो, निर्जंतुक बाटल्या आणि सुया लागतात, शीर शोधणारा हात लागतो. चांदपूर किंवा सिलहटच्या एखाद्या खेड्यात पावसाळ्यात नावेशिवाय बाहेर पडता येत नाही, तिथे हे कुठून येणार?

१९६०मध्ये ढाक्यात कॉलरा संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तिने ढाक्याच्या दक्षिणेला मतलब नावाच्या ग्रामीण भागात एक छोटं रुग्णालय उघडलं. १९६८मध्ये तिथल्या डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकी डॉक्टरांनी बंगाली सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं की कॉलराच्या रुग्णाला मीठ आणि ग्लुकोजचं पाणी मोजून तोंडाने पाजलं तर सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते. यामागचं कारण सोपं आहे. जुलाब सुरू असतानाही आतडं साखर शोषून घेतं, साखरेसोबत मीठ आत जातं आणि मिठामागे पाणी जातं. नुसतं पाणी पाजून किंवा नुसतं मीठ चाटवून हे होत नाही. दोन्ही एकत्र आणि योग्य प्रमाणात लागतात.

दवाखान्याबाहेर हे चालेल का, याची परीक्षा १९७१च्या युद्धात झाली. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. सलाईन संपत आलं होतं आणि रुग्ण जमिनीवर ओळीने पडले होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटं तयार करवून घेतली, पिंपात पाणी कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाईकांनाच ते पाजायला सांगितलं. तोवर त्या छावणीत कॉलराच्या दर शंभर रुग्णांपैकी तीसच्या आसपास दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. तो उपचार करणारे हात डॉक्टरांचे नव्हते. ते आयांचे, बहिणींचे, शेजाऱ्यांचे होते. महालनबीस २०२२मध्ये वारले आणि त्यानंतर २०२३मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झाला. आपल्याकडे ‘जलसंजीवनी’चं पाकीट घरोघरी माहीत आहे, पण हे नाव फार कुणाला ठाऊक नसतं.

एक कोटी वीस लाख अंगणं

फजले हसन आबेद हा चितगावला शेल कंपनीत मोठ्या पदावर काम करणारा माणूस. १९७०च्या नोव्हेंबरमध्ये समुद्राकडून आलेल्या वादळाने लाखो माणसं मारली आणि लगेच पुढच्या वर्षी युद्ध झालं. या दोन धक्क्यांनी आबेद यांचं आयुष्य बदललं. त्यांनी लंडनमधलं आपलं घर विकलं आणि १९७२मध्ये सिलहटकडच्या शाल्ला या दुर्गम भागात परतलेल्या निर्वासितांसाठी काम सुरू केलं. त्यातून ‘ब्रॅक’ ही संस्था उभी राहिली.

१९७९ हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष होतं. मुलांसाठी काहीतरी ठोस करायचं, असं ब्रॅकने ठरवलं. सगळ्यात जास्त मुलं मारणाऱ्या आजारांपैकी एक, म्हणजे जुलाब, समोर होता. औषध सापडलेलं होतं. पण पाकिटं बनवून देशातल्या प्रत्येक घरात पोहोचवणं त्या काळी अशक्य होतं. कारखाने नव्हते, रस्ते नव्हते, पैसे नव्हते. तेव्हा प्रश्न असा विचारला गेला की हे औषध आईला घरीच करता येईल का? ग्लुकोज घरात नव्हतं. पांढरी साखरही बहुतेक घरांत नव्हती. गूळ मात्र होता. मीठ होतं. मोजायला चमचा किंवा तराजू नव्हता, पण बोटं होती. म्हणून माप ठरलं ते असं: तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. बंगालीत त्याला ‘लोबोन-गूर’ म्हणतात.

१९८०पासून खेड्यापाड्यांत बायकांची पथकं फिरू लागली. थोडंफार शिकलेल्या, नोकरीची गरज असलेल्या या बायका होत्या. गावात सभा घ्यायची, भाषण करायचं, पत्रक वाटायचं असला प्रकार त्यात नव्हता. प्रत्येक घरी जायचं, आईसमोर बसायचं, जुलाब कशाने होतात आणि कधी धोका असतो याचे मुद्दे तोंडपाठ करून घ्यायचे. सुरुवातीला दहा मुद्दे होते, पुढे ते सातवर आणले. मग तिच्याच भांड्यात, तिच्याच हाताने, तिच्याच चिमटीने मिश्रण करून घ्यायचं. अर्धा शेर पाणी कुठवर येतं, याची खूण भांड्यावर करून द्यायची. दहा वर्षांत, १९९०पर्यंत, अशी सुमारे एक कोटी वीस लाख घरं झाली.

सरकारी आणि बिनसरकारी योजनांचे अहवाल वाचायची मला सवय आहे. ‘इतक्या लाख महिलांना प्रशिक्षण दिले’ हे वाक्य त्यांत हमखास असतं. त्या महिलांना काय आठवतं, हे विचारणारं वाक्य सहसा नसतं. ब्रॅकच्या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. शिकवून गेल्यावर काही आठवड्यांनी वेगळी माणसं निवडक घरी जात. आईला मुद्दे विचारत, मिश्रण करायला लावत आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवत. कारण मीठ जास्त पडलं तर हेच पाणी लहान मुलाला घातक ठरू शकतं. शिकवणाऱ्या बाईचा पगार या परीक्षेवर ठरत असे. आईला नीट आठवलं तर जास्त पैसे, अर्धवट आठवलं तर कमी, काहीच नाही आठवलं तर काहीच नाही. म्हणजे परीक्षा आईची वाटली तरी मार्क शिकवणारीला मिळत होते. ‘अडाणी बायकांना कळत नाही’ ही सबब इथे चालणार नव्हती.

शिकल्या, पण पाजलं नाही

हा कार्यक्रम पहिल्या फटक्यात यशस्वी झाला असता तर त्याचा इतिहास इतका शिकवणारा झाला नसता. सुरुवातीच्या पाहण्यांत दिसलं की आयांना मुद्दे पाठ होते, मिश्रणही बरोबर करता येत होतं, पण मूल आजारी पडल्यावर प्रत्यक्षात ते पाजणाऱ्या आया फारच थोड्या होत्या. का, याचा शोध घेतला तेव्हा दोन कारणं पुढे आली.

पहिलं कारण संस्थेच्या आतलं होतं. शिकवणाऱ्या बायकांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. त्यांना स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत होत्या. गूळ-मिठाच्या पाण्याने काय होणार, हा प्रश्न त्यांच्याही मनात होता आणि समोरच्या आईला तो न सांगता कळत होता. मग या कार्यकर्त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन हे पाणी आतड्यात काय करतं ते समजावलं गेलं. आजारी पडल्यावर आधी स्वतः पिऊन बघा, असं सांगितलं गेलं. शिकवताना त्या आईसमोर एक घोट स्वतः घेऊ लागल्या.

दुसरं कारण पुरुष होते. सगळा कार्यक्रम बायकांनी बायकांसाठी आखलेला. नवऱ्याला, सासऱ्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. परक्या बायका घरात येऊन काय शिकवून जातात, याचा त्यांना संशय होता. मूल आजारी पडल्यावर काय करायचं, हा निर्णय घरात त्यांचाच होता. तेव्हा बाजारात, शाळांत आणि मशिदींत पुरुषांच्या बैठका सुरू झाल्या. हळूहळू वापर वाढला. आज जुलाब झालेल्या मुलाला तोंडाने मीठ-साखरेचं पाणी देण्यात बांगलादेश जगातल्या आघाडीच्या देशांत गणला जातो.

पडद्याचा प्रश्न

‘मुस्लिम समाजात बायका घराबाहेर पडत नाहीत, म्हणून आरोग्याच्या योजना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.’ हे वाक्य मी आरोग्य खात्याच्या लोकांकडून ऐकलं आहे, पुरोगामी मित्रांकडून ऐकलं आहे आणि आपल्या जमातीतल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलं आहे. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ऐंशीच्या दशकातल्या बांगलादेशी खेड्यांत पडदा आपल्यापेक्षा कडक होता. तरुण सुनेला एकटीने दवाखान्यात जायची सोय नव्हती. पण त्याचा एवढाच अर्थ होतो की दवाखान्याने तिच्याकडे जायला हवं होतं. तो गेला, तेव्हा बहुतेक दारं उघडली. ढाक्याजवळच्या सावर इथे डॉ. जफरुल्ला चौधरी यांनी १९७२मध्ये उभारलेल्या ‘गणस्वास्थ्य केंद्रा’च्या तरुण मुली सायकलवरून गावोगाव फिरत होत्या. तिथे बायकांनी सायकल चालवणं हाच मोठा धक्का होता. लोकांनी नावं ठेवली आणि मग त्याच मुलींना बाळंतिणीसाठी बोलावणंही पाठवलं.

माझ्या दादीची नऊ बाळंतपणं झाली, पाच मुलं राहिली. मराठवाड्यातल्या लहानशा गावात तेव्हा हे कुणाला विशेष वाटत नसे. चारपैकी दोन मुलं ‘हगवणीने’ गेली, एवढंच ती सांगायची. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जुलाब लागलेल्या लेकराचं पाणी बंद केलेलं होतं, कारण पाणी पाजलं तर जुलाब वाढतात अशी समजूत होती. ‘अल्लाह की मर्जी’ म्हणून ती गप्प व्हायची. मेलेल्या लेकरासाठी सब्र करणं हा तिचा ईमान होता आणि त्याबद्दल मला बोलायचा अधिकार नाही. पण तिच्या चुलीजवळ गूळही होता आणि मीठही होतं. तिच्या दारात येऊन ते सांगणारं कुणी आलं नाही. याला मर्जी म्हणता येणार नाही, हा आपला, समाजाचा हिशेब आहे.

ज्या वर्षांत आबेद शाल्लात काम उभं करत होते, त्याच वर्षांत महाराष्ट्रात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला हेच करत होते. दुष्काळी तालुक्यातल्या, अनेकदा निरक्षर, बऱ्याचशा दलित बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या बनवलं. जामखेड आणि शाल्ला यांचा एकमेकांशी काही करार नव्हता. दोन्हीकडे एकच गोष्ट कळली होती. गावातल्या बाईला जे समजतं ते तिच्यासारख्याच बाईकडून समजतं, आणि तिच्यावर विश्वास टाकला तर ती तो वाया घालवत नाही.

आईचं काय?

इथवरचा इतिहास वाचून मन प्रसन्न होतं. म्हणूनच इथे थांबणं धोक्याचं आहे. मूल जुलाबाने मरत असेल तर त्याचा इलाज अंगणात होतो. बाळंतीण रक्तस्रावाने मरत असेल तर त्याचा इलाज अंगणात होत नाही. तिला काही तासांत, कधी कधी त्याहूनही आधी, रक्त, औषध आणि शस्त्रक्रिया करणारा हात लागतो. कितीही चांगली शिकवण तिच्या चिमटीत ठेवली तरी रक्ताची पिशवी त्या चिमटीतून निघत नाही.

मतलबच्या भागात हे फार स्पष्ट दिसलं. तिथे १९६६पासून प्रत्येक जन्म आणि मृत्यूची नोंद ठेवली जाते. १९७७मध्ये तिथल्या निम्म्या भागात कुटुंबनियोजन आणि माता-बाल आरोग्याचं खास काम सुरू झालं. बायका घरोघरी जाऊन साधनं देत. धनुर्वाताची लस बायकांना मिळू लागली आणि नाळ कापल्यानंतर होणाऱ्या धनुर्वाताने मरणारी नवजात बाळं वाचू लागली. पण बाळंतपणात मरणाऱ्या आयांसाठी आणखी काही हवं, म्हणून १९८७मध्ये काही भागात प्रशिक्षित सुईणी नेमल्या. १९९१मध्ये निष्कर्ष आला की त्यामुळे मातामृत्यू घटले. सगळ्यांना आनंद झाला. १९९७मध्ये त्याच नोंदी जास्त वर्षांसाठी तपासल्या तेव्हा दिसलं की ज्या शेजारच्या भागात या सुईणी नेमलेल्याच नव्हत्या, तिथेही मृत्यू घटले होते. श्रेय एकट्या सुईणींना देता येत नव्हतं. आपल्याच यशाची पुन्हा तपासणी करून तसं छापण्याचा हा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो.

देशभरात मातामृत्यू घटले, हेही खरं. २००१च्या पाहणीत दर एक लाख जन्मांमागे ३२२ आया दगावत होत्या, २०१०मध्ये १९४. यामागे अनेक कारणं होती. एक म्हणजे बाळंतपणंच कमी झाली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिथे एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत, २०११पर्यंत ती सरासरी २.३वर आली. मुसलमान कुटुंबनियोजन करत नाहीत, असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी आणि ते करूच नये असं सांगणाऱ्यांनीही हा आकडा पाहावा. दुसरं, मुली शिकल्या. तिसरं, अडलेल्या बाईला दवाखान्यात नेण्याचं प्रमाण वाढलं.

मग २०१६ची पाहणी आली. दवाखान्यातली बाळंतपणं २०१०च्या २३ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेली होती. सिझेरियन १२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेलं होतं. आणि मातामृत्यूचा आकडा होता १९६. म्हणजे जिथल्या तिथे. निम्म्याहून अधिक मृत्यू रक्तस्राव आणि गरोदरपणातल्या झटक्यांमुळे होते, ज्यांवरचे उपचार कित्येक दशकांपासून माहीत आहेत. गरज नसलेल्या बाईचं पोट कापलं जात होतं आणि गरज असलेली बाई वाटेत किंवा अर्धवट दवाखान्यात मरत होती. इमारतीत बाळंतपण होणं आणि सुरक्षित बाळंतपण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्यासाठी काय उरतं

हा इतिहास मला दोन हिशेब शिकवतो. एक हिशेब समाजाचा आहे. जे ज्ञान घरात वापरता येतं ते घरापर्यंत नेणं, त्यात पुरुषांना बसवणं आणि ते पोहोचलं की नाही हे तपासणं. यासाठी मोठा निधी लागत नाही. आपल्या मशिदीत जुम्म्याला शेकडो पुरुष जमतात. गरोदर बाईच्या पायावर सूज आली, डोकं सतत दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं नाही, हे तिथे सांगायला कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही. आशाताई वस्तीत येते तेव्हा तिला दारातून परत पाठवू नये, एवढं तरी प्रत्येक घर करू शकतं.

दुसरा हिशेब सरकारचा आहे आणि तो समाजाच्या गळ्यात घालता येणार नाही. रात्री दोन वाजता येणारी गाडी, तालुक्याला मिळणारं रक्त, भूल देणारा डॉक्टर, गरज असेल तेव्हाच होणारं सिझेरियन. हे मागून घ्यावं लागतं. ग्रामसभेत, वॉर्डात, आमदाराच्या दारात. आपल्या वस्त्यांतून निवेदनं जातात ती कब्रस्तानच्या भिंतीसाठी आणि शादीखान्यासाठी. तीही जावीत. पण मागण्यांच्या यादीत बाळंतिणीसाठी लागणारं रक्त कुठल्या क्रमांकावर आहे, हे एकदा तपासून पाहा. शाल्लाच्या बायकांनी आपल्या वाटचं काम तीन बोटांनी करून दाखवलं. उरलेलं काम बोटांनी होणारं नाही.